आधी उष्णतेची वाट ठरवा

मंडळी, कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास रंगाचा येतो. कूलंट (आत फिरणारा द्रव) कोणत्या रंगाचा घ्यावा, ट्यूब कडक असावी की मऊ, रिझर्व्हायरमध्ये (त्या द्रवाच्या टाकीत) दिवे लावावेत का. या प्रश्नांकडेही येऊ, पण सर्वांत शेवटी. आराखडा उलट्या टोकानं करावा असं माझं ठाम मत आहे. उष्णता केसमधून (कॉम्प्युटरच्या पेटीतून) बाहेर कुठून पडणार हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे सरकत चिपपर्यंत यायचं.

कारण असं की पाणी काहीच थंड करत नाही. ते उष्णता उचलतं आणि दुसरीकडे नेऊन सोडतं. थंड करण्याचं काम शेवटी खोलीतली हवाच करते. खोलीत ३० अंश तापमान असेल, तर लूपमधलं, म्हणजे पंप आणि ट्यूबमधून गोल फिरणारं, पाणी ३० च्या खाली जाणार नाही, कितीही खर्च करा. त्यामुळे ब्लॉकवर (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बाहेरून दव जमेल ही भीतीही सोडून द्या. आणि हो, वॉटर कूलिंग बसवल्यानं खोली कमी तापेल असं कुणाला वाटत असेल, तर तेही होत नाही. मशीननं ७०० वॅट खाल्ले की खोलीत ७०० वॅटच येणार, मग मध्ये पाणी असो वा नसो.

तर सुरुवात वॅटपासून. आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ५७५ वॅट आहे. इंटेलचा १४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. बेरीज आठशेच्या वर गेली, पण गेम खेळताना दोन्ही एकाच वेळी टोकाला जात नाहीत. प्रोसेसर बहुतेक वेळ निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून अशा मशीनसाठी ७०० वॅट धरून चाला.

आता रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी. ‘प्रत्येक भागामागे १२० मिलिमीटर आणि वर एक जादा’ असा एक जुना हिशेब अजून सांगितला जातो. ग्राफिक्स कार्ड २५० वॅट खायची तेव्हा तो ठीक होता. आज वॅटवरून मोजा. फॅन शांत चालावेत आणि पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंशच गरम राहावं अशी इच्छा असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका फॅनमागे ढोबळमानानं १०० वॅट धरायचे. म्हणजे आपल्याला सात फॅनइतकी जागा हवी. एक ३६० चा (१२० चे तीन फॅन) आणि एक ४२० चा (१४० चे तीन मोठे फॅन) रेडिएटर घेतला की काम झालं. दोन ३६० चे घेतले तर पाणी दोनेक अंश जास्त तापेल किंवा फॅन थोडे जोरात फिरतील, आकाश कोसळणार नाही. एका ३६० वर सगळं भागवायचं म्हटलं तर मात्र फॅनचा आवाज ऐकतच खेळावं लागेल, आणि मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

३६० आणि ४२० हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात, पण ४२० मध्ये १४० चे तीन फॅन बसतात आणि क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी जास्त मिळतं. केसमध्ये मावत असेल तर डोळे झाकून तोच घ्या. मावतो का, हे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ३६० लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० च्या आसपास जातो. जाडी ३० आणि वर फॅनचे २५, म्हणजे ५५ मिलिमीटर झाले. वरच्या बाजूला लावणार असाल तर मदरबोर्डवरचे हीटसिंक आणि मेमरीच्या उंच पट्ट्या आडव्या येतात. समोर लावणार असाल तर ग्राफिक्स कार्डाची लांबी. केसच्या माहितीपत्रकात ‘३६० बसतो’ लिहिलेलं असतं, पण किती जाडीचा, आणि तो बसवल्यावर दुसरीकडे काय बसत नाही, हे बारीक अक्षरात शोधावं लागतं. कागदावर मापानिशी चित्र काढा. फिटिंगची (ट्यूब जोडायच्या तोंडांची) उंचीही त्यात धरा, ती नेमकी सगळे विसरतात.

साठ मिलिमीटरचा जाडजूड रेडिएटर घ्यावा का? फॅन हळू फिरवायचे असतील तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. जाड आणि दाट पात्यांमधून हवा ढकलायला जोर लागतो, आणि कमी वेगावर पातळ रेडिएटर जवळपास तेवढंच काम करतो. जाडीपेक्षा पसरट क्षेत्रफळ केव्हाही चांगलं.

समोरचा रेडिएटर हवा आत ओढतो आणि वरचा बाहेर फेकतो, अशी रचना बहुतेक जण करतात. यात वरच्या रेडिएटरच्या वाट्याला आधीच तापलेली हवा येते. दोन्ही रेडिएटरना बाहेरची ताजी हवा दिली आणि मागच्या बाजूनं निकास ठेवला तर पाणी थोडं थंड राहतं, पण केसच्या आत ऊब वाढते. ग्राफिक्स कार्डाचे स्वतःचे फॅन आता निघून गेलेले असतात, त्यामुळे मदरबोर्ड आणि एसएसडीवर वारा येतोय ना, हे बघावं लागतं.

पाण्याच्या प्रवाहाबद्दल फार गैरसमज आहेत. आधी प्रोसेसर की आधी कार्ड, मध्ये रेडिएटर हवा की नको, यावर लोक तावातावानं भांडतात. हिशेब करून बघू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. मिनिटाला एक लिटर प्रवाह म्हणजे एका अंशामागे जवळजवळ ७० वॅट वाहून गेले. प्रवाह चार लिटर असेल तर २८० वॅट. आपले ७०० वॅट घेऊनसुद्धा पाणी पूर्ण फेरीत अडीच अंशच तापतं. म्हणजे लूपमध्ये कुठेही हात लावा, तापमान जवळपास सारखंच. म्हणून क्रम लावताना ट्यूब कुठून सोयीनं जाते एवढंच बघा. एकच क्रम पाळायचा: रिझर्व्हायर पंपाच्या आधी आणि पंपाच्या वर. पंप कोरडा फिरला की खराब होतो, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. डी५ जातीचा एक पंप अशा लूपला पुरतो, तोही बहुधा पूर्ण वेगानं चालवावा लागत नाही.

मोठा रिझर्व्हायर घेतल्यानं तापमान कमी होत नाही. तापमान स्थिर व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. भरताना आणि बुडबुडे काढताना मात्र तो सोयीचा पडतो.

आता आलो चिपपाशी. इथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. प्रोसेसरमधला सिलिकॉनचा तुकडा लहान असतो, वर धातूचं झाकण असतं, आणि उष्णता त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पडताना अडते. पुढे कितीही थंड पाणी आणलं तरी ती अडचण तशीच राहते. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले वरच्या टोकाचे प्रोसेसर तर पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. ग्राफिक्स कार्डाचं उलट आहे. चिप मोठी, झाकण नाही, ब्लॉक थेट तिच्यावर बसतो. खरा फायदा तिथे दिसतो, तापमानात आणि आवाजातही. प्रोसेसरला चांगला एअर कूलर ठेवून फक्त कार्ड पाण्यावर घेतलं तर मी त्याला हसणार नाही, उलट शहाणपणाचं म्हणेन.

कार्डाचा ब्लॉक घेताना चिपचं नाव पुरत नाही. एकाच नावाची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या सर्किट बोर्डवर बनवतात. बोर्ड तोच आहे ना, थर्मल पॅड (उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या) कोणत्या जाडीचे सांगितलेत, हे ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत बघा आणि मगच कार्ड ठरवा. हो, कार्ड नंतर, ब्लॉक आधी.

धातूंचा नियम कडक आहे. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात. त्यात ॲल्युमिनियम आलं की पाण्यातून दोन धातूंची विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रेडिएटर स्वस्तात मिळाला तर तो कशाचा आहे हे आधी विचारा. नुसतं डिस्टिल्ड पाणी घालूनही भागत नाही. गंज रोखणारं आणि शेवाळ होऊ न देणारं द्रव्य त्यात हवं. आणि ‘डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही’ यावर विसंबू नका. लूपमध्ये फिरताना त्यात धातूंचे आयन उतरतात आणि ते वीज वाहू लागतं.

आता तो रंग. दुधाळ, अपारदर्शक कूलंट फोटोत सुंदर दिसतात, पण त्यात घन कण तरंगत असतात आणि ब्लॉकमधल्या बारीक खाचांमध्ये ते साचतात. रंग हवाच असेल तर पारदर्शक कूलंट रंगीत ट्यूबमधून फिरवा. ट्यूब मऊ घ्या, निदान पहिल्या वेळी. कडक ट्यूब तापवून वाकवण्याची मजा आहे, पण नंतर एक भाग बदलायचा झाला तरी नळीचा एखादा तुकडा नव्यानं करावा लागतो. पीईटीजी या प्लास्टिकची कडक ट्यूब घेणार असाल तर पाणी ६० अंशांच्या बरंच खाली राहील हे पाहा, नाहीतर ती मऊ पडून फिटिंगमधून सुटते. ॲक्रिलिक जास्त उष्णता सोसतं, पण कापताना तडकतं.

सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा वाल्व बसवा. आराखड्यात तो नसेल तर कूलंट बदलण्याच्या दिवशी मशीन आडवं करून बादली धरावी लागते. फॅनचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका, ते क्षणाक्षणाला उड्या मारतं. लूपमध्ये तापमानाचा सेन्सर घाला आणि फॅन पाण्यावर चालवा. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे फॅनही सावकाश बदलतात आणि कानाला कळत नाहीत.

भरताना फक्त पंपाला वीज द्या, मदरबोर्ड आणि कार्ड वेगळे ठेवा. त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला लावायची छोटी टोपी मिळते. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, पंप चोवीस तास चालू द्या. त्याआधी हवेच्या हातपंपानं दाब भरून दाबाचा काटा खाली येतो का ते बघितलं तर पाणी घालण्याआधीच गळती कळते.

आणि कार्डाचा काढलेला मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पॅड एका डब्यात नाव लिहून ठेवा. ब्लॉक त्याच कार्डाचा असतो, पुढच्या कार्डाला चालत नाही. कार्ड विकताना किंवा दुरुस्तीला पाठवताना तो कूलर परत बसवावा लागतो, आणि वॉरंटीच्या अटीही कंपनीगणिक वेगळ्या असतात. त्या स्क्रू काढण्याआधी वाचा.