पगार युरोत, मालक कोण?

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय ‘परदेशातली नोकरभरती आणि नवं तंत्रज्ञान’. नाव भारदस्त आहे, पण मी त्यातल्या एकाच प्रश्नाला धरून बोलणार आहे, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात. माणूस एका देशात बसलाय, कंपनी दुसऱ्या देशात आहे. मग कागदावर त्याचा मालक कोण?

बाहेरून माणसं आणणं बडोद्याला नवं नाही. अरविंद घोषांना सयाजीराव महाराजांनी लंडनमध्येच भेटून नोकरी दिली आणि १८९३ साली ते महिना २०० रुपयांवर रुजू झाले. ग्रंथालयांची घडी बसवायला १९१० साली विल्यम बॉर्डन अमेरिकेहून आले. तेव्हा मालक कोण हे विचारायची गरजच नव्हती. संस्थान एक, तिजोरी एक.

आता आजचं बघा. इथेच दांडिया बाजारात किंवा अलकापुरीत एखादं वीस-पंचवीस माणसांचं डिझाइन ऑफिस असतं. पाइपिंगची ड्रॉइंग्ज काढतात, गिऱ्हाईक जर्मनीत. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा एक माणूस आमच्याकडे हवा. जर्मनीत कंपनी उघडायची तर वकील आला, नोटरी आला, भांडवल आलं. मग कोणीतरी सांगतं, अहो, ‘डील’ आहे, ‘रिमोट’ आहे, ‘रिपलिंग’ आहे, परदेशी माणसं नेमून देणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहेत हे, दहा मिनिटांत काम होतं. खोटं नाही ते. पडद्यावर देश निवडायचा, हुद्दा लिहायचा, पगार टाकायचा. ४,००० युरो टाकले की मालकाचा सामाजिक विम्याचा हिस्सा, साधारण २० टक्क्यांच्या आसपास, आपोआप खाली जोडला जातो. त्याखाली त्या प्लॅटफॉर्मची दरमहा फी. करार जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत तयार. सही करा, झालं.

पण तो करार उघडून पहिल्या ओळीत मालकाचं नाव वाचा. ते तुमचं नसतं. तिथे त्या प्लॅटफॉर्मची जर्मन कंपनी असते. ह्याला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे ईओआर म्हणतात. कागदावरचा मालक तो, काम सांगणारे तुम्ही. पगारपत्रक तो काढतो, कर तो कापतो, तुम्ही त्याला महिन्याचं बिल भरता. व्यवस्था सोयीची आहे, मी स्वतः सुचवते. फक्त त्या देशाच्या कायद्याला ती कशी दिसते हे आधी बघायचं. कर्मचारी दुसऱ्याला वापरायला देण्याबद्दल जर्मनीत वेगळा कायदाच आहे. त्याला परवाना लागतो, आणि एकाच ठिकाणी सलग १८ महिने ही सर्वसाधारण मर्यादा. दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर माणूस पाठवताना हे कोणी विचारतच नाही, कारण पडद्यावर १८ महिन्यांनंतर लाल दिवा लागेलच असं नाही.

आणखी एक. तोच माणूस तिथे बसून तुमच्या वतीने सौदे ठरवायला लागला, तर तुमची तिथे ‘कायम आस्थापना’ आहे, म्हणजे तुमचा धंदाच तिथे चालतो, असं तिथलं करखातं म्हणू शकतं. मग नफ्यावर कर मागणार तुमच्याकडे, ईओआरकडे नाही.

देशागणिक खाचाखोचा किती असतात म्हणून सांगू! फिलिपिन्समध्ये १९७५ पासून तेरावा पगार सक्तीचा, तोही २४ डिसेंबरच्या आत. आपल्या दिवाळी बोनससारखी ती मालकाची मर्जी नव्हे. (बोनस कायद्यात बसणाऱ्यांनी रागावू नका.) अमिरातीत पगारावर आयकर नाही म्हणून आपली मुलं खूश, पण नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार द्यावा लागतो, ह्याची तरतूद मालकाने केलेली असते का? हे हिशेब सॉफ्टवेअर चोख करतं. तिथे मी त्याची पंखा आहे.

जिथे ते अडतं ती जागा भलतीच साधी असते. नावाचा रकाना. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. लग्नानंतर पॅनवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. युरोपातल्या फॉर्मला दोनच रकाने. मग बँकेचं खातं एका नावाने, पगारपत्रक दुसऱ्या, आणि पहिला पगार परत फिरतो. इकडे पीएफच्या यूएएनशी, म्हणजे खातेदाराच्या कायमच्या क्रमांकाशी, आधार जुळत नाही. भरतीच्या दिवशी पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तेच टाइप करा. कंटाळवाणं काम आहे, करा.

उमेदवारांच्या अर्जांना चाळणी लावणाऱ्या एआयबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनने असं एक यंत्र बनवलं होतं. जुने बायोडाटा बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला शिकलं. शेवटी त्यांनी ते बंद केलं. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. युरोपच्या एआय कायद्यात नोकरभरतीची यंत्रं ‘जास्त जोखमीची’ धरली आहेत ती उगाच नाही. आणि उमेदवारांचे बायोडाटा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची आपली सवय युरोपातल्या उमेदवारांच्या बाबतीत आजच्या आज सोडा. २०१८ पासून तिथे जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा, लागू आहे.

आता बडोद्यातलीच एक गोष्ट, जी एचआरच्या प्रत्येक मुलाला शिकवायला हवी. १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. कागद पक्के. १९१७ साली ते रुजू व्हायला आले आणि ह्या गावात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. तिथे काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून तुम्हाला माहीत आहे. संस्थानाने नेमणूक दिली, पगार दिला. खोलीचं बघणं मात्र कोणाचंच काम नव्हतं.

जातीचा तो अन्याय आणि आजची अडचण मी एका तागडीत घालत नाहीये. पण घराचा प्रश्न नोकरीच्या बाहेरचा समजण्याची खोड तीच आहे. जर्मनीत पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाचा दाखला लागतो. नोंदणी झाल्याशिवाय करक्रमांक येत नाही, आणि तो नसला तर पगारातून जादा कर कापला जाऊ शकतो. मुलगा हॉटेलात, दाखला नाही, आणि इकडे प्लॅटफॉर्मच्या पडद्यावर ‘ऑनबोर्डिंग पूर्ण’, म्हणजे रुजू करून घ्यायचं काम संपलं. त्याच्या घरासाठी फोन करणारं एक माणूस नेमा. तेवढा पगार परवडत नसेल तर परदेशी भरती परवडत नाही असं समजा.

मघाशी ह्या मुलीने विचारलं की अमेरिकन कंपनी तिला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून घेतेय, डॉलरमध्ये, घ्यावं का? घे ना. पण मग मालक कोणीच नाही हे लक्षात ठेव. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी बाळंतपणाची रजा नाही, आयकराचा आगाऊ भरणा तुझा तू. उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणीही तुझीच. ह्या सगळ्याचे पैसे मागताना दरात धर, नुसतं डॉलरला रुपयाने गुणून खूश होऊ नकोस. त्यांना तू रोज ठरलेल्या वेळेला हजर हवी असशील, रजा विचारून घ्यायची असेल, दुसरं काम करायची बंदी असेल, तर ती नोकरीच आहे. त्यांना सरळ सांग, ईओआरमधून इथला करार द्या. बरेच जण देतात, कारण उद्या दावा झाला तर तो त्यांनाही महाग पडतो. आणि त्यांचा लॅपटॉप परत पाठवायचा कुरियरचा खर्च कोणी द्यायचा, तेही आत्ताच लिहून घे.