दोनशेची रेघ

(पडद्यावर: ब्राँक्स, न्यूयॉर्क. रस्त्याच्या डोक्यावरून धडधडत जाणारी चार नंबरची मेट्रो. खाली 161व्या रस्त्यावर निळ्या टोप्यांची रीघ.)

ऑगस्ट 2016. यांकी स्टेडियमवर सामना सुरू व्हायला अजून तासभर आहे, पण भांडण केव्हाच सुरू झालंय. मेट्रोच्या जिन्यात तेच, तिकिटाच्या रांगेतही तेच. एक पक्ष म्हणतो, म्हाताऱ्यांना घरी बसवा, पोरांना खेळवा. दुसरा विचारतो, पोरांनी असे काय दिवे लावलेत?

आपल्याकडे क्रिकेटवरून कट्ट्याकट्ट्यावर होतं तसलंच हे भांडण. फक्त इथे आकडे जास्त, आणि पगार तर फारच जास्त.

न्यूयॉर्क यांकीज म्हणजे बेसबॉलमधलं बडं घराणं. 27 वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकलेलं. शेवटची जिंकली 2009 मध्ये. त्या विजयाचे काही शिलेदार सात वर्षांनंतरही संघात होते. गुडघे थकलेले, करार मात्र ठणठणीत. ॲलेक्स रॉड्रिगेझ, वय 41, दहा वर्षांचे साडेसत्तावीस कोटी डॉलर. मार्क टेशेरा, वय 36, आठ वर्षांचे अठरा कोटी डॉलर. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सीसी सबाथिया, तोही 36, उजव्या गुडघ्याला भलामोठा पट्टा बांधून उतरणारा. पांढरे हत्ती म्हणा हवं तर. लोक म्हणतच होते.

(पडद्यावर: जुना धावफलक. बॅटिंगच्या सरासरीचे आकडे.)

पुढे जाण्याआधी एक रेघ समजून घेऊ. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी तीन आकडी बोलतात. 300 म्हणजे दहापैकी तीनदा हिट, म्हणजे चेंडू मारून बेस (धावण्याचा टप्पा) सुखरूप गाठणं. तेवढ्यावर माणूस गडगंज होतो. 250 म्हणजे चालतंय. आणि 200 म्हणजे नामुष्कीची रेघ. तिला नावही आहे, मेंडोझा रेघ. मारिओ मेंडोझा हा सत्तरच्या दशकातला मेक्सिकोचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. चेंडू अडवण्यात वस्ताद, बॅट मात्र मुकी. बिचाऱ्याची अख्ख्या कारकिर्दीची सरासरी 215 भरली, म्हणजे स्वतःच्याच नावाच्या रेघेच्या वर. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या हंगामात रॉड्रिगेझच्या खात्यावर 225 अधिकृत संधी (फुकट मिळालेले बेस वगैरे सोडून) आणि 45 हिट जमा झाले. भागून बघा. बरोबर 200. टेशेराची सरासरी 204.

आता कुणी म्हणेल, मग वाद कसला? वाद होता, आणि तो मूर्खांचा नव्हता. उत्तेजकांच्या प्रकरणात रॉड्रिगेझला 2014 चा अख्खा हंगाम बाहेर बसवलं होतं. तेव्हाही लोकांनी त्याचं श्राद्ध घालून टाकलं होतं. गडी चाळिशीच्या उंबरठ्यावर परत आला आणि 2015 मध्ये 33 होम रन (आपल्या षटकारासारखा, भिंतीपार जाणारा फटका) मारून गेला. कारकिर्दीतला तीन हजारावा हिटही त्याच वर्षीच्या जूनमध्ये आला, तोही होम रन. त्यामुळे 2016 च्या एप्रिलमध्ये ‘थांबा जरा, गेल्या वर्षीही हेच बोलत होतात’ असं सांगणाऱ्याच्या हातात पुरावा होता.

(पडद्यावर: रात्रीचं शहर. टॅक्सीत लावलेला रेडिओ.)

या शहरात डब्ल्यूएफएएन नावाचं, दिवसरात्र खेळाच्या गप्पा मारणारं रेडिओ स्टेशन आहे. फोन करणाऱ्याने सुरुवात कशी करायची याचाही रिवाज आहे: ‘फोन पहिल्यांदाच करतोय, ऐकतोय मात्र कित्येक वर्षं.’ एवढं झालं की माणूस सुटतो. पैसा दिलाय म्हणून खेळवायचं का? तो तर गेलाच. मग बाकावर बसवून वाया घालवा, नाहीतर मैदानात उतरवून. यावर पलीकडून ठरलेला प्रश्न येतो: बसवा, पण त्याच्या जागी आणणार कोण?

खरी गोम त्या प्रश्नात होती. पिचर उभा असतो साडेसाठ फुटांवर. ताशी 93-94 मैलांनी फेकलेला चेंडू फलंदाजापाशी पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात. त्यातला निम्मा वेळ तर मारायचा की सोडायचा हे ठरवण्यातच जातो. चाळिशीतल्या माणसाला चेंडू दिसतो, कळतो, पण बॅट पोचेपर्यंत तो फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असतो. रॉड्रिगेझच्या बाबतीत हे शेवटच्या रांगेतून दिसत होतं. वेगवान चेंडूला तो उशीर करत होता, आणि उशीर होतोय म्हणून आधीच बॅट फिरवायला जाऊन वळणाऱ्या चेंडूला फसत होता.

जुलैअखेर जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी मालकांना पटवलं आणि यांकीजच्या इतिहासात क्वचितच झालेली गोष्ट झाली. दुकान विक्रीला निघालं. पिचर अरोल्डिस चॅपमन शिकागोला गेला, दुसरा पिचर अँड्र्यू मिलर क्लीव्हलँडला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कार्लोस बेल्ट्रान टेक्सासला रवाना झाला. हा बेल्ट्रान 39 वर्षांचा, पण पिकल्या पानाचा देठ हिरवा. सरासरी 304 आणि 22 होम रन. म्हाताऱ्यांमधला जो एकटा खेळत होता, त्यालाच विकलं. कारण गिऱ्हाईक त्यालाच होतं. बाजाराचा न्याय. दोनच दिवसांनी स्क्रँटनच्या दुय्यम संघातून 23 वर्षांचा कॅचर गॅरी सांचेझ वर आला.

(पडद्यावर: 12 ऑगस्ट 2016. काळवंडलेलं आकाश, भरलेलं स्टेडियम.)

रॉड्रिगेझचा शेवटचा सामना. पत्रकार परिषदेत तसं जाहीर झालं होतं. निवृत्ती म्हणा की निरोपाचा नारळ म्हणा, 2017 चे दोन कोटी डॉलर त्याला घरबसल्या मिळणार होते. सामन्याआधी सत्कार सुरू झाला आणि आकाश कडाडलं. पाऊस असा कोसळला की सत्कार अर्ध्यात गुंडाळावा लागला.

ज्या प्रेक्षकांनी वर्षभर त्याची हुर्यो उडवली, तेच त्या रात्री त्याच्या नावाने ओरडत होते. सामन्याच्या नऊ इनिंगपैकी पहिल्याच इनिंगमध्ये त्याने डबल, म्हणजे थेट दुसरा बेस गाठून देणारा फटका, मारून एक धाव मिळवून दिली. नवव्या इनिंगमध्ये मॅनेजर जो जिरार्डी यांनी त्याला तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला पाठवलं. ती त्याची जुनी जागा. वर्षभराहून जास्त काळ तो तिथे उभा राहिला नव्हता. एक फलंदाज बाद झाला आणि लगेच त्याला बाहेर बोलावलं. एवढ्यासाठीच, की चालत जाताना लोकांनी उभं राहावं. लोक उभे राहिले. सामना संपल्यावर त्याने तिसऱ्या बेसजवळची चिमूटभर माती उचलून घेतली. एकूण होम रन 696. सातशेला चार कमी.

(पडद्यावर: दुसरा दिवस. लख्ख ऊन.)

13 ऑगस्ट, शनिवार दुपार. 1996 च्या विजेत्या संघाचा विसाव्या वर्षाचा मेळावा होता, म्हणजे स्टेडियमवर जुनं ते सोनं असा माहोल. दुसऱ्या इनिंगमध्ये टायलर ऑस्टिन आयुष्यात पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या स्पर्धेत, बॅट घेऊन उभा राहिला. उजव्या कोपऱ्यात, जिथे या मैदानाची भिंत सगळ्यात जवळ आहे, तिथे त्याने होम रन मारला. लोक अजून खाली बसतायत तोवर पुढचा आला. हाही पहिल्यांदाच. पाठीवर 99, उंची 6 फूट 7 इंच. ॲरन जज. चेंडू मधल्या मैदानावरून, मॉन्युमेंट पार्कच्या (यांकीजच्या दिग्गजांच्या स्मारकांचा कोपरा) वरच्या काळ्या काचेपर्यंत गेला. अंतर 446 फूट.

एकाच संघाच्या दोन खेळाडूंनी एकाच सामन्यात, कारकिर्दीच्या पहिल्याच संधीला होम रन मारल्याची नोंद मेजर लीगच्या इतिहासात तोवर नव्हती. इथे तर एकापाठोपाठ एक.

रेडिओवर त्या रात्री पोरांचा पक्ष जिंकला. काल म्हातारा गेला, आज पोरं आली, आणि बाळाचे पाय पाळण्यात दिसले. कुणी पटकथा म्हणून हे लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने फाडून फेकलं असतं.

पण त्यानंतरचे आठवडे फारसे कुणी आठवत नाही. मला तेच जास्त रंगतदार वाटतात.

(पडद्यावर: 2016 च्या हंगामाचा तक्ता. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.)

ॲरन जज, 2016. अधिकृत संधी 84. हिट 15. स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न लागताच बाद, 42. बरोबर निम्मे. सरासरी 179.

म्हणजे रॉड्रिगेझ 200 वर घरी, आणि जज 179 वर उद्याची आशा. रेघ एकच. एक तिच्यावर उभा होता तो संपला, दुसरा तिच्याखाली होता तो सुरू झाला. चाहते आकडे तोंडपाठ म्हणतात, पण वाचतात वय. यात अन्याय आहे का? फारसा नाही. संघ विकत घेतो तो पुढचा काळ. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: ऑक्टोबर 2016 मध्ये ‘जजचं खरं नाही’ म्हणणारा माणूस रॉड्रिगेझच्या टीकाकारांइतकाच डोळसपणे बोलत होता. 2017 च्या सराव शिबिरातसुद्धा उजव्या मैदानातली जागा त्याला सहज मिळालेली नव्हती. ॲरन हिक्सशी झुंजून मिळवावी लागली.

फरक करायला एक खूण होती. 2015 पासून मेजर लीगच्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो आणि तो सगळ्यांना बघायला मिळतो. जज चेंडूला लावायचा क्वचित, पण लागला की गोळी सुटल्यासारखा. हिवाळ्यात त्याने बॅट फिरवण्याची ढब दुरुस्त केली. फुकटचे बेस वगैरे धरून मोजलं, तर चारात पावणेदोनदा होणारे स्ट्राइकआउट तीनात एकदाच्या आत आले. 2017 चे होम रन 52. नवख्याचा तोवरचा विक्रम मार्क मग्वायरचा, 49. स्टेडियमने उजव्या मैदानामागे खुर्च्यांचा एक कोपरा न्यायालयासारखा सजवला आणि चाहते काळे झगे घालून तिथे बसू लागले. आडनावच न्यायाधीश, मग काय.

आणि बाकीची पोरं? सांचेझने त्या 2016 मध्ये 53 सामन्यांत 20 होम रन मारले होते. तिघांतलं सगळ्यात खणखणीत नाणं तोच, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. 2018 मध्ये त्याची सरासरी 186, 2020 मध्ये 147. मेंडोझाही हळहळला असता. 2022 च्या मार्चमध्ये त्याला मिनेसोटाला पाठवलं, आणि मग संघामागून संघ. ऑस्टिन 2018 मध्येच गेला, पुढे जपानला पोचला आणि योकोहामाच्या बेस्टार्स संघाकडून 2024 मध्ये तिथल्या सेंट्रल लीगचा अव्वल सरासरीचा फलंदाज ठरला. त्याच वर्षी त्या संघाने जपान सिरीज जिंकली. ब्राँक्समध्ये फसलेलं पोर जपानमध्ये फळलं. याचा हिशोब कुठल्या पक्षाच्या खात्यात मांडायचा?

म्हाताऱ्यांच्या पक्षालाही अगदी रिकाम्या हाताने परत पाठवायला नको. सप्टेंबर 2016 च्या शेवटच्या आठवड्यात, निवृत्ती जाहीर करून बसलेल्या टेशेराने बॉस्टनविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये तीन गडी बेसवर असताना होम रन मारून सामना जिंकला. गंमत अशी, की त्याच रात्री दुसरीकडच्या निकालामुळे बॉस्टनने विभागाचं विजेतेपद पटकावलं होतं. हरलेले शॅम्पेन उडवत होते आणि जिंकलेले घरी चालले होते.

सबाथियाचं प्रकरण तर पोरांच्या पक्षाने पाठ करून ठेवावं असं. बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावरही मांडतात. त्याच्या नावावर 2015 मध्ये सहा विजय, दहा पराभव. ऐन प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, तोंडावर दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला गेला. संपला, असंच सगळे म्हणाले. वेग गेला होता, तो परत येणार नव्हता. त्याने कटर नावाचा, शेवटच्या क्षणी जरासा सरकणारा चेंडू हत्यार केला आणि 2017 मध्ये 14 सामने जिंकले, हरला फक्त पाच. 2025 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

(पडद्यावर: ऑक्टोबर 2017, ह्यूस्टन.)

त्याच 2017 मध्ये पोरांचे यांकीज वर्ल्ड सिरीजपासून एका सामन्यावर होते. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना ह्यूस्टनमध्ये. चेंडू सबाथियाच्या हातात. समोरच्या संघात कोण? बेल्ट्रान, आणि ब्रायन मकॅन, तोच कॅचर, ज्याला सांचेझसाठी जागा करून द्यावी लागली होती. पाचव्या इनिंगमध्ये मकॅनच्या डबलवर दोन धावा आल्या. ह्यूस्टन 4, यांकीज 0. ह्यूस्टनचा संघ त्या वर्षी कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरत होता आणि कचऱ्याचा डबा वाजवून फलंदाजाला सांगत होता, हे पुढे चौकशीत उघड झालं. 2020 च्या अहवालात नाव घेतलेला एकमेव खेळाडू बेल्ट्रानच. ब्राँक्समध्ये या विषयावर आजही कुणाला बोलतं करायची गरज पडत नाही.

(पडद्यावर: पुन्हा 161वा रस्ता. पाठीवर 99 लिहिलेले शर्ट.)

जजने 2022 मध्ये 62 होम रन मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) 61 वर्षं जुना विक्रम मोडला. मग नऊ वर्षांचे 36 कोटी डॉलर. 2024 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, पाचव्या सामन्यात, पाच धावांची आघाडी असताना त्याच्या हातून एक साधा झेल सुटला आणि सामना निसटला. त्या रात्री न्यूयॉर्कने त्याला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. 2025 मध्ये सरासरी 331, लीगमध्ये पहिला. करार संपेल 2031 मध्ये. तेव्हा तो 39 वर्षांचा असेल.

इकडे दुय्यम संघांत स्पेन्सर जोन्स नावाचा, जवळपास जजच्याच उंचीचा पोरगा 2025 मध्ये 35 होम रन मारून बसलाय. स्ट्राइकआउट दीडशेच्या वर.

मेट्रोच्या जिन्यात एकजण म्हणतो, त्याला आणा वर.

दुसरा विचारतो, कुणाच्या जागी?