कारवीचं छप्पर निघालं मेलबर्नला

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबाग-मुरुडच्या किनारपट्टीवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती बंगले उभे राहिले, ते तुम्ही येता-जाता पाहिलंच असेल. त्यातले बरेचसे कुठल्याही गावात खपून गेले असते. पण याच पट्ट्यात एका लहानशा वास्तुकला संस्थेनं अशी काही घरं बांधली, की ती त्याच वाडीत, त्याच मातीत शोभावीत. संस्थेचं नाव स्टुडिओ मुंबई. संस्थापक बिजॉय जैन. जन्म मुंबईचा, 1965 चा. अमेरिकेत शिकले, लॉस एंजेलिसला रिचर्ड मायर या नामवंत वास्तुकारांकडे काम केलं, काही काळ लंडनला राहिले आणि 1995 मध्ये परत येऊन अलिबागकडे कामाला लागले.

यांची कामाची रीत साधी आहे. सुतार, गवंडी आणि वास्तुकार एकाच ठिकाणी बसतात. खिडकी करायची असेल तर ती आधी खऱ्या मापात करून बघायची. उघडायची, लावायची, उन्हात ठेवायची. नाही पटली तर मोडून पुन्हा करायची. सुतारही स्वतःच्या वहीत चित्रं काढतात, मापं टिपतात. इथे हातानं करून बघितल्यावर कागद पक्का होतो. पुन्हा सांगते, आधी हात, मग कागद. 2010 मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात त्यांनी ही कार्यशाळाच नेऊन मांडली होती, अवजारं आणि नमुन्यांसकट.

माझं तर मत आहे की शाळेत प्रत्येक मुलामुलीच्या हातात वर्षभर तरी रंधा आणि करवत द्यावी. गुण्या लावून काटकोन तपासलेला मुलगा भूमितीला घाबरत नाही. असो.

त्यांच्या दोन घरांबद्दल थोडक्यात सांगते. नांदगावचं पामायरा हाऊस, 2007 चं. नारळाच्या वाडीत समोरासमोर दोन लांबट घरं. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, खाचेत खाच बसवून जोडलेला. बाहेरून ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यातून वारा आत येतो आणि ऊन चाळून येतं. पाणी आवारातल्याच तीन विहिरींचं. ते वरच्या टाकीत चढतं आणि आपल्या उतारानं घरात येतं. 2010 च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे घर होतं. दुसरं चोंढीच्या आंबराईतलं, तांब्याच्या छपराचं. तिथे विहीर खणताना निघालेली माती टाकून दिली नाही, तिचीच भर घालून जमीन उंच केली. पावसाळ्यात पाणी चढतं, ते दारात येऊ नये म्हणून. विहिरीनं पाणी दिलं आणि विहिरीच्याच मातीनं पाणी अडवलं! जैन नेहमी पाणी, हवा आणि उजेड या तिघांपासून सुरुवात करतात. लक्षात ठेवा: पाणी, हवा, उजेड.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज इथे बसले आहे, ती सांगते.

कारवी तुम्हाला ठाऊक आहे. सह्याद्रीच्या उतारांवर रान माजवणारं झुडूप. सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, डोंगर जांभळे करतं, बी धरतं आणि मरतं. मग राहतात त्या सरळ, करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाड काठ्या. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्याच काठ्यांचे कुड केले. काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांना बांधून टाकायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या. माझ्या आजोळी पडवीला अशी भिंत होती. लिंपणाऱ्या बाईची चार बोटं जिथून फिरली, तिथे चार बारीक चऱ्या उमटलेल्या असत, अर्धगोल, एकात एक गुंतलेल्या. एका कोपऱ्यातला लेप गळून पडला होता, तिथून आतली कारवी दिसायची. पन्नास पावसाळे खाऊनही ठणठणीत! गावात सिमेंट आलं तशी 'कुडाचं घर' म्हणजे गरिबाचं घर, असा शिक्काच बसला. लोक कुड पाडायला लागले. या गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं.

तर ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात, क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्स नावाच्या बागेत, 2014 पासून पुढची काही वर्षं दरवर्षी एक मंडप उभारत. एका वास्तुकाराला बोलवायचं, त्यानं मंडप रचायचा, उन्हाळाभर तिथे गाणी, व्याख्यानं, मुलांचे खेळ व्हायचे. मंडपाचा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. 2016 साली ते बोलावणं बिजॉय जैन यांना आलं.

त्यांनी काय नेलं? काच नाही. पोलाद मिरवलं नाही. त्यांनी बांबू नेला, सात किलोमीटर भरेल इतका. बांधायला सव्वीस किलोमीटर दोर. जोडायला पाच हजार लाकडी खुंट्या. आणि छपराला? छपराला कारवी! आपल्या कारागिरांनी चार महिने इथे बसून कारवीच्या काठ्यांचे तट्टे हातानं बांधले, ते जहाजानं गेले आणि मेलबर्नच्या बागेत साडेसोळा मीटरहून लांब-रुंद अशा चौकोनी मंडपावर चढले. गरिबाच्या घराची म्हणून आपण जी पाडत होतो, त्याच कारवीच्या सावलीत तिथली माणसं बसली, कुणी गाणं ऐकत, कुणी नुसतीच वाऱ्याला.

कुणी विचारेल, स्थानिक सामानाचा आग्रह धरणाऱ्यानं इतक्या लांब बांबू न्यावा का? मला वाटतं, न्यावा. कारण जमिनीची फरशी त्यांनी तिथल्याच दगडाची केली. तिकडे ज्याला ब्लूस्टोन म्हणतात तो, पन्नास टन. तोही बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा भाऊबंद. जमीन तिथली आणि हात इथले. बांबूबरोबर तो बांधण्याचं ज्ञान गेलं, ते बाजारात विकत मिळत नाही.

मंडपाच्या मधोमध सोनेरी काठाची एक विहीर केली आणि तिच्या बरोब्बर वर छप्पर उघडं ठेवलं. पाऊस आला की थेट आत. आपण मात्र आपल्या विहिरींवर स्लॅब टाकून वर गाड्या लावतो, आणि मेमध्ये टँकरची वाट बघतो. मंडपाच्या तोंडाशी बांबूचा एक उंच मनोरा होता, ताजियासारखा. आपल्याकडे मोहरमला गावात ताबूत निघतात, तेच ते. हिंदू-मुसलमान दोघंही त्याला खांदा लावतात, ते मी लहानपणी पाहिलं आहे, आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं.

मोसम संपल्यावर तो मंडप मोडीत काढला नाही. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाला दिला गेला. पुढे 2020 मध्ये जैन यांना फिनलंडचं आल्वार आल्टो हे वास्तुकलेचं पदक मिळालं.

वेळ होत आली. ती अलिबागकडची घरं खासगी आहेत, आत जाता येणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी गावाकडच्या जुन्या घराची दुरुस्ती काढणार असेल, तर एवढं करा. कुडाची भिंत पाडण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवा. ती दुरुस्त होते. सडलेल्या काठ्या तेवढ्या काढायच्या, नव्या बांधायच्या आणि वरून लिंपायचं. दिवाळीच्या आधी काम काढलंत तर लेप वाळायला ऊनही मिळेल.

नमस्कार.