गाडीची किंमत नेमकी कुठली धरतात?

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, तासगाव, जत, तिकडं पार कराड-साताऱ्यापर्यंत जे कोण ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आज गाडीच्या टॅक्सबद्दल बोलायचंय, म्हणजे टक्के किती ते पुढं बघू, आधी हे टक्के कुठल्या किंमतीवर लावतात ते बोलू, कारण आमच्या घरातच यावरनं मोठा घोळ झाला.

माझ्या मिरजेच्या मामांनी बेळगावातनं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली, 2021 ची, पावणेपाच लाखाला सौदा झाला. गाडी कर्नाटकातली, म्हणून इथला नंबर घेताना इथला टॅक्स भरायचा. आपल्याकडं दहा लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के एकरकमी टॅक्स, म्हणून मामांनी पावणेपाच लाखाचे 52,250 काढून बाजूला ठेवले. पासिंगच्या वेळी कळलं की तुम्ही कितीला घेतली याला तिथं अर्थच नाही. शोरूममधनं नवी निघाली तेव्हाची किंमत धरतात, त्यावर टॅक्स काढतात आणि मग पहिल्या रजिस्ट्रेशनपासूनचं वय बघून त्यातनं कमी करतात. नवी होती तेव्हा गाडी 8 लाख 40 हजारांची, म्हणजे मोजायला सुरुवातच 92,400 पासून. वयाचं वजा झालं, तरी मामांचे पैसे कमी पडले ते पडलेच. मूळ बिल डॅशबोर्डच्या खणात सर्व्हिस बुकाखाली सापडलं, तीन घड्या घातलेलं, आणि एक घडी नेमकी किंमतीच्या आकड्यावरनं गेलेली, मामा चष्मा वर करून उजेडात धरून वाचत होते.

सरकार असं का करतं? दोघांच्या सौद्यात कागदावर काय लिहायचं ते दोघांच्या हातात असतं, पाचाला विकून दोन लिहिलं तर कोण धरणार? शोरूमचं बिल मात्र बदलत नाही. इथपर्यंत मला पटतं. पण 2019 च्या पुरात आपल्या मारुती चौकात गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते तुम्ही पाहिलंय. त्यातली एखादी दुरुस्त करून निम्म्या किंमतीला विकली तरी वय तेवढंच, आणि वयाच्या तक्त्यात गाडी बुडाली होती का असा रकानाच नसतो. हे मला खरंच चुकीचं वाटतं.

इन्शुरन्सवाले परत वेगळी किंमत धरतात. त्यांची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कंपनीच्या चालू विक्रीकिंमतीतनं घसारा काढून ठरते, पाचव्या वर्षात 50 टक्के वजा. म्हणजे गाडी एकच पण टॅक्सची किंमत वेगळी, इन्शुरन्सची वेगळी आणि बाजारातली तिसरीच.

बाजारभाव धरला असता तर बरं झालं असतं, असं मामा म्हणत होते. अमेरिकेत व्हर्जिनियात बहुतेक ठिकाणी तसंच करतात, दरवर्षी 1 जानेवारीचा भाव किंमतींच्या पुस्तकातनं घेतात आणि त्यावर वर्षाचा टॅक्स. कोरोनानंतर जुन्या गाड्यांचे भाव चढले आणि तिथं गाडी एक वर्ष म्हातारी झाली तरी तिची किंमत वाढली, टॅक्सपण वाढायला लागला! शेवटी 2022 मध्ये तिथल्या फेअरफॅक्स काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, बाजारभावाच्या 85 टक्केच किंमत धरायचं ठरवलं. कॅलिफोर्नियात गाडीची जी लायसन्स फी असते ती खरेदीच्या किंमतीवर, 0.65 टक्के, आणि धरायची किंमत दरवर्षी ठरलेल्या टक्क्यानं खाली, अकराव्या वर्षी 15 टक्क्यांवर येऊन थांबते. मला विचाराल तर ही पद्धत बरी, माणसाला दहा वर्षांचा हिशोब घरी बसून करता येतो.

आता आपले फौजी लोक. साताऱ्याजवळच्या आपशिंग्यासारख्या गावात घरटी कोण ना कोण सैन्यात, दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यांच्यासाठी 2021 पासून बीएच, म्हणजे भारत सिरीजचा नंबर आहे, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं म्हणून नंबर बदलत बसायला नको. नवी गाडी घेत असाल तर याची चौकशी जरूर करा.

आणि बाहेरच्या राज्यातली जुनी गाडी घेताय? बारा महिन्यांच्या वर इथं ठेवणार असाल तर इथला नंबर घ्यावाच लागतो. म्हणून विसार द्यायच्या आधी मूळ बिल मागा, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख बघा, जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मिळणार का विचारा, आणि जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला परतावा कुणी घ्यायचा हे मालकाशी बोलून कागदावर लिहून घ्या. मामांनी परताव्याचा अर्ज केलाय, आणि ते घडी पडलेलं बिल आता लॅमिनेट करून आरसीबरोबर ठेवलंय.