काठमांडूतले सोळा तास: वीज नव्हती की वाटणी चुकत होती?

नमस्कार. 2009च्या सुरुवातीचं काठमांडू डोळ्यांपुढे आणा. हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी आणि दिवसाला 16 तास वीज गायब. शहराचे 7 गट पाडलेले. घरोघरी भिंतीवर आपापल्या गटाचं वेळापत्रक. वीज मध्यरात्री येणार असेल तर मध्यरात्रीच उठायचं, मोटर लावायची, टाकी भरायची, भात टाकायचा. दिवे लागले की गल्लीतून एकच आरडाओरडा, "बत्ती आयो!" आपल्याकडे ज्यांनी भारनियमन काढलंय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि हे युद्ध संपल्यावरचं. 1996 ते 2006 माओवादी संघर्ष चालला, सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2006च्या नोव्हेंबरमध्ये शांतता करार, 2008मध्ये राजेशाही गेली. लोकांना वाटलं, आता आपले दिवस आले. आला अंधार.

का? नेपाळची बहुतेक वीज वाहत्या नदीवरची. पाणी साठवणारं मोठं धरण म्हणावं तर एक कुलेखानी. हिवाळ्यात नद्या आटतात, वीज साधारण एक तृतीयांशावर येते. त्यात ऑगस्ट 2008मध्ये कोसीचा बांध फुटला, भारतातून येणाऱ्या लाइनचे मनोरे वाहून गेले. युद्धाच्या दहा वर्षांत नवे प्रकल्प रखडलेले होतेच. आणि 2008 ते 2016, आठ वर्षांत आठ सरकारं. जलविद्युत प्रकल्प उभा राहायलाच पाच-सात वर्षं लागतात. ज्याला पुढच्या वर्षी खुर्चीवर असू की नाही हे माहीत नाही, तो त्यात जीव कशाला घालेल?

पण माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. सप्टेंबर 2016मध्ये कुलमान घिसिंग नेपाळच्या सरकारी वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्याच दिवाळीत, म्हणजे तिथल्या तिहारला, काठमांडूत दिवे गेलेच नाहीत. एका महिन्यात धरण बांधून होत नाही! भारतातून नेपाळमधल्या ढल्केबरपर्यंतची नवी वीजलाइन त्याच वर्षी सुरू झाली होती, तिचा आधार मोठा होता. कुलेखानीचं पाणी त्यांनी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी राखलं. आणि मुख्य म्हणजे, घरं अंधारात असताना काही कारखान्यांना स्वतंत्र फीडरवरून, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवरून, जवळपास अखंड वीज मिळत होती. ती वाटणी बदलली.

म्हणजे तुटवडा खरा होता, पण त्याचा सगळा भार गरिबाच्या घरावर टाकलेला होता. मला याची चीड येते. मेणबत्तीत अभ्यास केलेली एक अख्खी पिढी आहे तिथे.

त्या कारखान्यांकडच्या या विजेच्या बिलांच्या थकबाकीचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. मार्च 2025मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्या सरकारने घिसिंग यांना मुदत संपण्याआधीच हटवलं. सप्टेंबरमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, ओली गेले आणि सुशीला कार्कींच्या हंगामी सरकारात ऊर्जामंत्री म्हणून घिसिंगच परत आले.