मांडवीचं पाणी, पणजीचा काठ

[बेतीच्या धक्क्यावरून दिवेलागणीची मांडवी]

मांडवीच्या पलीकडच्या काठावर, पणजीसमोर, बेती आहे. तिथल्या धक्क्यावरून पणजीकडे पाहिलं की शहराआधी कॅसिनोची, म्हणजे जुगाराची, जहाजं दिसतात. निळी, जांभळी, तांबडी रोषणाई पाण्यावर पसरलेली असते. ही जहाजं कुठेही जात नाहीत. नांगर आणि साखळदंड टाकून ती जागच्या जागी उभी आहेत. भरतीला वर चढतात, ओहोटीला खाली उतरतात, एवढाच त्यांचा प्रवास.

कॅसिनो जमिनीवर न राहता पाण्यात कसे गेले? कायद्यामुळे. गोव्याचा मूळ जुगारबंदी कायदा 1976 चा. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर खेळायला वाट करून दिली. 1996 च्या दुरुस्तीने टेबलावरच्या खेळांना, म्हणजे माणसाने पत्ते वाटायच्या आणि चक्र फिरवायच्या खेळांना जहाजावर परवानगी दिली. त्यामुळे काठावरच्या हॉटेलात यंत्र चालतं आणि त्याच काठासमोर, पाण्यात, टेबल चालतं. खुल्या समुद्रात जहाज ठेवायचं तर पावसाळ्यात त्यावर माणसं चढवणार कशी? मांडवीला आडोसा आहे. जहाजं नदीत आली आणि थेट राजधानीसमोर उभी राहिली.

[फीडर बोट धक्क्याला लागते]

जहाजावर जायचं तर आधी धक्का, मग फीडर बोट, म्हणजे माणसांची ने-आण करणारी छोटी बोट. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांडवीचं पाणी भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत हा फरक बराच कमी असतो. पक्क्या धक्क्यावरून बोटीत उतरायचं म्हटलं तर दुपारी एक पायरी आणि रात्री माणसाच्या उंचीएवढी उडी. म्हणून तरंगता धक्का लागतो. तो पाण्याबरोबर हलतो आणि काठाशी जोडलेली फळी तेवढी तिरकी-सपाट होत राहते. जहाजावरची प्रत्येक वस्तू अशीच होडीने जाते, आणि सांडपाण्यापासून कचऱ्यापर्यंत सगळं तसंच परत यायला हवं. नदीच्या तब्येतीचा प्रश्न इथेच आहे.

[पणजी–बेती फेरीबोट]

त्याच पाण्यातून फेरी चालते. पायी जाणाऱ्याला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत. फेरीसाठी दोन्ही तीरांवर काँक्रीटचा उतार बांधलेला असतो आणि फेरीची लोखंडी फळी त्यावर टेकते. भरतीला ती उतारावर वर टेकते, तिथे काँक्रीट कोरडं आणि खरखरीत. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, फळी खाली सरकते. रोज पाण्याखाली राहणारा तो भाग शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो. दुचाकी घसरते ती इथेच, फळीवरून उतरताना पुढचा ब्रेक दाबला की. रोजची माणसं गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवतात, ब्रेकला हात लावत नाहीत, दोन्ही पाय खाली सोडून सरळ रेषेत चढतात.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा उत्तर गोव्याची भिस्त या फेऱ्यांवर आली. आज तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. 2019 साली सुरू झालेला अटल सेतू त्यांतला सर्वांत उंच.

[मिरामारचा किनारा, पावसाळा, मुखाजवळ फुटणाऱ्या लाटा]

आता नदीचं मुख. आग्वाद किल्ल्याच्या बाजूला पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, दर्यावर्दी त्याला बार म्हणतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा तिथे वाळू रेटतात, वरून नदीचा लोंढा येतो, आणि दोघांच्या झटापटीत लाटा उथळ पाण्यावर फुटू लागतात. म्हणून खनिजाचे बार्ज, म्हणजे मालवाहू पडाव, पावसाळ्यात या वाटेने समुद्रात जात नसत. कुंभारजुव्याच्या कालव्यातून, सुमारे 15 किलोमीटर आतल्या आत, ते जुवारी नदीत उतरत आणि मुरगाव बंदर गाठत. समुद्राचं तोंडही न पाहता एका नदीतून दुसरीत जाणारी अशी वाट गोव्याला लाभली आहे.

जुलै 2017 मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनोचं जहाज भर पावसात मांडवीत यायला निघालं आणि मिरामारला वाळूत बसलं. असं जहाज अडकतं कसं, ते नीट पाहायला हवं. बारवर लाट जहाजाला उचलते आणि दोन लाटांच्या मधे खाली सोडते. तळ वाळूवर आपटतो. सुकाण आणि पंखे वाळूत गेले की जहाज वळत नाही. ओढणारी टग बोट असली तर तिचा दोर एका लाटेला सैल पडतो, पुढच्या लाटेला हिसका खातो आणि तुटतो. मग वारा जहाजाला आडवं करतो आणि प्रत्येक भरती ते किनाऱ्याकडे थोडं थोडं सरकवत नेते. ओहोटीला आजूबाजूची वाळू तळाशी घट्ट बसते. नुसतं ओढून ते निघत नाही. आतलं पाणी नि इंधन काढून वजन कमी करायचं, बाजूने वाळू उपसून चर खणायचा, समुद्र शांत होईपर्यंत थांबायचं, आणि उधाणाच्या भरतीला, पाणी सर्वांत वर असताना, त्या थोड्या वेळात टग लावायची. तो क्षण हुकला की पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस गेले.

हे जहाज पावसाळ्यानंतर निघालं. कांदोळीच्या किनाऱ्यावरचं ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज मात्र जून 2000 मध्ये रुतलं ते 2012 पर्यंत हललं नाही. शेवटी जागेवरच कापून तुकड्यांनी न्यावं लागलं.

[रायबंदरचा जुना चिरेबंदी रस्ता]

पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता पोर्तुगिजांनी 1633-34 साली खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणाऱ्या सखल जमिनीच्या, दलदलीत चिऱ्यांनी बांधला. पाणी त्याने अडवलं नाही. खाली कमानी ठेवल्या, भरती आत येते आणि ओहोटीला निघून जाते.

[चोडण, मानशीचं दार]

पलीकडे चोडण बेटावर खाजन शेतीच्या बांधात मानस आहे. लाकडी दार, बिजागरी अशी की बाहेरचं पाणी चढलं की त्याच दाबाने दार मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरजच नाही. दार बिघडतं ते खाऱ्या पाण्यातल्या किड्यांनी लाकूड पोखरलं की, किंवा मासळीच्या लोभाने कुणी ते अवेळी उघडं ठेवलं की. खारं पाणी एकदा शेतात शिरलं तर कोरगुटासारखं खार सोसणारं भातही हात टेकतं. असं दार घडवणारे हात आज कमी होत चालले आहेत. कॅसिनोच्या एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा हे दार मोलाचं आहे.

[बांदोडकर मार्ग, रात्र]

विधानसभा 2000 साली पर्वरीच्या पठारावर गेली. आदिलशहाच्या वाड्यासमोरचा, आबे फारियाच्या पुतळ्यासमोरचा काठ सरकारी वर्दळीतून मोकळा झाला आणि कॅसिनोच्या धक्क्यांनी भरला. फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना खेळायला आत प्रवेश नाही. वाहनं, गोंगाट, मळा या पणजीतल्या जुन्या वस्तीतल्या घरांची भाडी, हा भार मात्र पणजीकरांच्याच वाट्याला.

[ओहोटी, फेरीची फळी उतारावर टेकते]

जहाजं मांडवीतून हलवण्याची मुदत सरकारने वारंवार वाढवली आहे. ती खरोखर हलवायची तर ऑक्टोबर ते मे एवढीच सवड, त्यातही उधाणाच्या भरतीचे मोजके दिवस. जूनमधली कुठलीही तारीख ठरवली तरी बार तिला दाद देणार नाही. म्हणून पुढची मुदत ठरवताना मंत्रालयाने आधी बंदर कप्तानाकडचं भरती-ओहोटीचं कोष्टक मागवावं.