सुपारी आणि आवळत जाणारा गाल

निरोगी माणसाने पूर्ण आ वासला, की वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक मावतात. वर्षानुवर्षे सुपारी, मावा किंवा विदर्भातला खर्रा चघळणाऱ्या काहींना मात्र आधी तिखट सोसवेनासे होते, मग गालाच्या आत दोरीसारखे घट्ट पट्टे लागतात आणि अखेर एक बोटही जेमतेम शिरते. हा आजार म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये आढळल्याची त्याची नोंद १९५२ सालची आहे. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले.

गालाच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू विणत असतात, आणि जुने तंतू त्याच बेताने मोडीत निघत असतात. सुपारीच्या रसाने अस्तर दुखावले की तेथील पेशी टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन सोडतात. ते फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला), चिकटते, आतली स्मॅड प्रथिने केंद्रकापर्यंत निरोप नेतात आणि कोलॅजनची जनुके कामाला लागतात. जखम भरतानाही शरीर हाच निरोप धाडते आणि काम उरकले की थांबवते; येथे सुपारी रोजच तोंडात पडत असल्यामुळे तो थांबण्याची वेळच येत नाही.

त्यातच सुपारीत तांबे असते, आणि कोलॅजनच्या तंतूंना आडवे टाके घालणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) तांबेच लागते. झाडाच्या सालीतील टॅनिन कातडे कमावते, तसे सुपारीतील टॅनिन गाल कमावते म्हटले तरी चालेल, कारण असे तंतू विरघळवणे शरीराला जड जाते.

पेशींभोवतीच्या जाळ्यात टीजीएफ-बीटाचा निष्क्रिय साठाही अडकलेला असतो. जाळे ताठ झाले आणि पेशींनी ते ओढले, की तो सुटतो. म्हणजे कडक झालेली ऊतीच आता पेशींना आणखी विणायला सांगू लागते. सुपारी सोडल्यावरही आवळलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. दरम्यान रक्तपुरवठा घटून वरचे अस्तर पातळ होते आणि काही रुग्णांत तेथेच कर्करोग उद्भवतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले आहे.

शस्त्रक्रियेने पट्टे कापता येतात, पण कापणे हीदेखील जखमच, आणि ती भरताना तोच निरोप पुन्हा निघतो. म्हणूनच टाके काढल्यानंतरही रुग्णाला कित्येक महिने दातांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून, एकेक पट्टी वाढवत, तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो.